उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या घराचा कोलाज

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते. वडिलांना डिसेंबरात ७५ वर्षं पूर्ण होतात. त्यांचं करमाळा तालुक्यातलं गाव उजनी धरणात गेलं. त्या काळातले घरात जेमतेम ११ फोटो आहेत: लग्नातले तीन, शाळेचा एक ग्रुप फोटो, आजोबांचा ओळखपत्रावरचा एवढासा फोटो, जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला एक, बाकीचे पुनर्वसनाच्या नव्या गावातले. आईच्या मोबाइलमध्ये अलीकडचे दोनशे. गावावर तुम्ही चार कविता लिहिल्यात. या सगळ्याचा भिंतीवर लावण्याजोगा एक मोठा कोलाज करून वडिलांना द्यायचाय, आणि एवढ्याशा फोटोंत गाव उभं राहील का, ही तुमची काळजी आहे.

मी २४ वर्षं जुने फोटो दुरुस्त करते, फ्रेम करते, आणि त्यातली निम्मी वर्षं असे कवितेचे कोलाजही करत आलेय. ११ फोटो मला कमी वाटत नाहीत. चार फोटोंतही काम झालेलं आहे. माझी काळजी कवितांची आहे. "आठवणींच्या गावा माझ्या, काळाच्या डोहात बुडालास तू" ही ओळ तुम्ही मनापासून लिहिलीय, ते कळतं. पण त्या गावात तुम्ही राहिलेला नाहीत. धरण १९८० मध्ये पुरं झालं, तुमचा जन्म त्यानंतरचा. आठवण वडिलांची आणि शब्द तुमचे, असं झाल्यामुळे चारही कवितांत एकही वस्तू नाही. झाड नाही, विहिरीचं नाव नाही, शेताचं नाव नाही. ही ओळ कुठल्याही धरणातल्या कुठल्याही गावाला लागू पडेल. वडील ती वाचून "छान लिहिलंस" म्हणतील आणि पुढचा फोटो बघतील. कोलाजातली कविता तुम्हीच लिहायची आहे, फक्त तिच्यातले शब्द वडिलांकडून उसने आणायचे.

त्यासाठी कात्री-डिंक बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ बसा. ११ फोटोंच्या मोठ्या झेरॉक्स काढा, पानभर एक. मूळ फोटो हातात दिले तर माणूस जपून धरतो आणि बोलत नाही. झेरॉक्सवर बोट ठेवतो, पेनानं खूण करतो, नाव लिहितो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि मोबाइल पालथा ठेवा. "तेव्हा कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "कसं वाटणार, गेलं ते गेलं" एवढंच येतं. दारात उभं राहिलं की समोर काय दिसायचं, प्यायचं पाणी कुठून आणायचात, नदीत पोहायला कोणी शिकवलं, घर सोडताना गाडीत सगळ्यात शेवटी काय ठेवलं, असं विचारा. आणि प्रत्येक फोटोला एक प्रश्न हमखास विचारा: फोटोच्या बाहेर, या कडेला, कोण उभं होतं?

हा प्रश्न मला माझ्या आईनं शिकवला. तिच्या लग्नाचा एक फोटो आहे. आई-बाबा पाटावर बसलेत, मुंडावळ्या आहेत, आणि डाव्या काठाला कुणाचा तरी नुसता हात आलाय, मनगटापासून पुढचा. मी तो फोटो पहिल्यांदा कोलाजमध्ये घेतला तेव्हा तो हात कापून टाकला, चौकट नीट दिसावी म्हणून. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "मावशीला कापलंस?" त्या मावशीनं लग्नाच्या आदल्या रात्री आपल्या हातातल्या दोन पाटल्या काढून आईच्या हातात घातल्या होत्या, म्हणून फोटोतल्या त्या हातात फक्त काचेच्या बांगड्या आहेत. मावशीचा दुसरा एकही फोटो नाही. मी सगळं काम पुन्हा केलं, हात मधोमध आणला, आणि शेजारी आईचंच वाक्य तिच्याच अक्षरात ठेवलं: "पाटल्या माझ्या हातात, हात तिचा काठावर." तेव्हापासून कडा न विचारता कापत नाही. तुमच्या लग्नाच्या तिन्ही फोटोंच्या कडा नीट बघा. मागची भिंत, कोनाडा, उतरंडीची मडकी, खांबाला बांधलेलं दावं, पाण्याखाली गेलेल्या घराचं एवढंच चित्र तुमच्याकडे आहे आणि ते बहुधा नवरा-नवरीच्या पाठीमागे लपलेलं आहे.

आता शब्दांकडून कवितेकडे. काही वर्षांपूर्वी भिगवणकडच्या एका आजोबांसाठी मी असंच काम केलं, त्यांचीही जमीन उजनीत गेलेली. दोन तास ते कागदपत्रांबद्दल, मोबदल्याबद्दल बोलत होते. उठता उठता म्हणाले, "दारातला लिंब सगळ्यात शेवटी बुडाला. शेंड्यावर एक बगळा दोन दिवस बसून होता. मग त्योबी गेला." मी घरी येऊन यात माझी भर अजिबात घातली नाही. फक्त आठ-आठ अक्षरांत बसवलं:

लिंब बुडाला शेवटी
शेंड्यावरती बगळा
दोन दिवस बसला
मग तोसुद्धा उडाला

एवढीच कविता. त्यात आठवण हा शब्द नाही, दुःख नाही, काळ नाही. आजोबांनी ती वाचली आणि लिंबाच्या कोणत्या फांदीला झोका होता ते सांगायला लागले. तुम्हाला वडिलांकडून हवंय ते हेच.

आठ अक्षरांचा आग्रह का? एक तर ओळ आखूड राहते आणि दोन फोटोंमधल्या चिंचोळ्या जागेत मावते. दुसरं म्हणजे ही चाल ओवीच्या जवळची आहे, जुन्या माणसांच्या कानाला ती ओळखीची वाटते. वडिलांची बहीण, म्हणजे तुमची आत्या, हयात असेल तर तिला नक्की भेटा. तिच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिला येत असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ओव्यांत नदी, गाव, माहेरची वाट नावानिशी येते. तुमच्या आजीच्या एखाद्या ओवीत भीमेचं किंवा गावदेवाचं नाव सापडलं तर ती जशीच्या तशी घ्या. तिचं व्याकरण सुधारू नका, "व्हती"चं "होती" करू नका.

तुमच्या चार कवितांतून काय ठेवायचं तेही सांगते. तिसऱ्या कवितेत "बाबा पाण्याकडे बघतात तेव्हा आम्ही बोलत नाही" अशी एक ओळ आहे. ही तुमची स्वतःची आठवण आहे, तुम्ही पाहिलेली. ती ठेवा. बाकीचं वहीत राहू द्या, वाया जात नाही. मोठ्या कोलाजमध्ये सगळ्या मिळून १२ ते १६ ओळी पुष्कळ होतात. त्याहून जास्त झाल्या की भिंतीपुढे उभं राहून कोणी वाचत नाही.

ज्याचा फोटोच नाही त्याचं काय? वडिलांना जुन्या घराचा नकाशा काढायला सांगा. कोरा पांढरा कागद, काळं पेन, पट्टी नाही. तुमच्या भागात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं होती, तेव्हा ढाळज (दाराजवळची बसायची जागा) कुठे, सोपा कुठे, माजघर, चूल, परडं, गोठा, उंबऱ्यापासून नदी किती पावलांवर, हे सगळं त्यांच्या हातानं येऊ द्या. नावंही त्यांनीच लिहायची. रेघ थरथरली तर ती तशीच ठेवायची. माझ्या अनुभवात घरातली माणसं फोटोपेक्षा या कागदापाशी जास्त वेळ थांबतात, कारण नातवंडांना त्यावर बोट फिरवत चालता येतं. जुना सातबारा, धरणग्रस्त असल्याचा दाखला, एखादं पोस्टकार्ड मिळालं तर त्याचंही स्कॅन घ्या. पोस्टकार्डावरचा पत्ता फार मोलाचा, ते गाव त्या पत्त्यावर अजून आहे.

नवे फोटो काढायचे असतील तर मे महिन्यात जा. पाणी उतरलं की जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर असंच उन्हाळ्यात वर येतं. तुमच्या गावाचंही काही दिसत असेल ते तिथले मच्छीमार सांगतील, त्यांच्याच होडीतून जा. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मांडीएवढा खोल असतो, वडिलांना त्यावर चालू देऊ नका. डिसेंबरच्या आत मे येणार नसेल तर काठावरून पाण्याचा फोटो घ्या. सकाळी लवकर, वडील पाठमोरे, आणि चौकटीत निम्म्याहून जास्त पाणीच.

स्कॅनिंगचं आता. मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते आणि कडा वाकतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा. सव्वादोन बाय सव्वातीन इंचाचा जुना फोटो ६०० ला स्कॅन केला की १३५० बाय १९५० पिक्सेल मिळतात, आणि छपाईला ३०० धरलं तर तो साडेचार बाय साडेसहा इंचापर्यंत चांगला छापता येतो. आजोबांचा ओळखपत्राचा फोटो मात्र १२०० ला. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरच्या फोटोतून तुम्हाला तळहाताएवढा चेहरा मिळेल. फाइल टिफ (TIFF) प्रकारात ठेवा. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा: स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाचं तरी निळ्या शाईतलं अक्षर. ते अक्षर म्हणजे तयार मजकूर. आईच्या मोबाइलमधले फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवून घेऊ नका, ते आक्रसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलनं उतरवा.

काही फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत असं तुम्ही म्हणता. ओढू नका. दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा घ्या, नसेल तर शिलाईचा बारीक मजबूत दोरा. फोटोच्या वरच्या कोपऱ्याखाली घाला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा मागेपुढे करत सावकाश खाली या. कोपऱ्यातून सुरुवात होत नसेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायरची अगदी कोमट हवा थोडा वेळ द्या. तरीही निघत नसेल तर तो फोटो पानासकट स्कॅन करा आणि तसाच राहू द्या. फाटलेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरनं खरा परत येत नाही.

याच ओघात एक विनंती. फोटो आपोआप रंगीत करणारी, चेहरे स्पष्ट करणारी ॲप सध्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. आजोबांच्या फोटोवर ती वापरू नका. धूसर डोळ्यांच्या जागी ते ॲप दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवतं. फोटो स्वच्छ दिसतो, पण त्यातला माणूस आजोबा राहत नाही, आणि वडिलांना ते पहिल्या नजरेत कळतं. धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके स्कॅनमधल्या चेहऱ्यावरून संगणकावर एकेक करून काढा, बाकी जे आहे ते असू द्या.

आजोबांचा एकच चेहरा आहे, आख्खा माणूस कुठून आणायचा, असंही तुमच्या मनात आहे. आणू नका. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजीच्या मनोरथ चित्रांत, म्हणजे देवापुढे भक्त उभे असलेल्या चित्रांत, भक्तांचं अंग, कपडे, जोडलेले हात रंगवायचे आणि चेहऱ्याच्या जागी खऱ्या फोटोतला चेहरा कापून चिकटवायचे. तिथे ते शोभतं, कारण बाकीचं अंग रंगवलेलं आहे हे उघड दिसतं. आपण दुसऱ्या कुणाच्या धडावर आजोबांचा चेहरा बसवला तर ते खोटं होईल. नकाशात ढाळजेची जागा आहे ना, तिथे तो चेहरा ठेवा. आजोबा तिथेच बसत असतील तर वडील सांगतीलच.

मांडणीला चार-पाच दिवस द्या, संगणकावर बसायच्या आधी. सगळ्या फोटोंच्या झेरॉक्स वेगवेगळ्या आकारांत काढून सतरंजीवर पसरा. ए-२ आकार घ्या, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. तेवढा कागद खाली अंथरा आणि तुकडे हलवत राहा. प्रत्येक मांडणीचा वरून मोबाइलनं फोटो काढा, नाहीतर परवाची चांगली होती असं वाटतं आणि ती आठवत नाही. दोनशे नव्या फोटोंतून सहापेक्षा जास्त घेऊ नका. नवे फोटो मोठे, झगझगीत असतात आणि जुन्यांना दाबून टाकतात. ते लहान छापा, रंग थोडे उतरवा. जुन्यांना मात्र एकसारखा तपकिरी रंग चढवू नका. कृष्णधवल करडाच राहू दे, १९८० च्या आसपासच्या रंगीत फोटोंवर चढलेली लालसर झाक तशीच असू दे. कोणता फोटो कधीचा हे त्या रंगावरूनच कळतं.

तुमच्या कामासाठी माझ्या डोळ्यांपुढे एक आडवी रेघ येतेय. कागदाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावरून, या काठापासून त्या काठापर्यंत. ती पाण्याची रेघ. तिच्या खाली जुनं सगळं: मधोमध घराचा नकाशा, सगळ्यात मोठा, त्याच्या भोवती लग्न, शाळा, जत्रा, ढाळजेत आजोबा. रेघेच्या वर आजचं: काठावर पाठमोरे वडील, नातवंडं, नवं घर. निळा रंग नको, लाटांची चित्रं नकोत, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटोही नकोत. ते सुंदर आहेत, पण ते पाणी आल्यानंतरचे आहेत आणि वडिलांच्या गावात नव्हते. रेघसुद्धा आखायची नाही. खालच्या फोटोंच्या वरच्या कडा एका ओळीत आणल्या आणि वर बोटभर मोकळी पट्टी सोडली की रेघ आपोआप दिसते. त्या मोकळ्या पट्टीत तुमची ओळ ठेवा, "बाबा पाण्याकडे बघतात तेव्हा आम्ही बोलत नाही." वडिलांच्या शब्दांतल्या कविता सगळ्या रेघेखाली. ज्या जागेचा फोटो नाही, म्हणजे देऊळ, विहीर, नदीचा घाट, तिथे फोटोच्या आकाराची कोरी चौकट सोडा आणि आत फक्त दोन ओळी. विहिरीचं नाव आणि तिच्याबद्दलचं एक वाक्य विहिरीच्या फोटोएवढंच काम करतं.

अक्षरं फोटोवर छापू नका, चेहऱ्यावर तर नाहीच. कागदाच्या मोकळ्या भागावर छापा. चार-पाच फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. वडिलांचं किंवा आत्याचं हस्ताक्षर मिळालं तर फॉन्टची गरजच नाही: त्यांच्याकडून काळ्या पेनानं कोऱ्या कागदावर लिहून घ्या आणि ६०० ला स्कॅन करा. फॉन्ट घ्यायचाच तर तिरो देवनागरी मराठी किंवा मुक्त (Mukta) घ्या, दोन्ही फुकट मिळतात. छापण्याआधी तीन गोष्टी बघा. ल पाकळीचा आहे का आणि श देठाचा आहे का, कारण पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरं देतात. आणि "वाऱ्यावर", "दुसऱ्या" यांतला ऱ्या नीट उमटतोय का. फोटोशॉपमध्ये वेलांट्या सुट्या पडत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इंकस्केपमध्ये हा त्रास सहसा होत नाही.

मूळ फोटो कोलाजवर चिकटवू नका. काम सगळं छापील प्रतींवर. फेविकॉलमधल्या पाण्यानं पातळ कागदाला सुरकुत्या पडतात, सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते, मैद्याच्या खळीला कसर लागते. तुम्हाला हातानं चिकटवलेलंच हवं असेल, आणि मलाही तेच जास्त आवडतं कारण कडांना सावली येते, तर मॅट कागदावर पिगमेंट शाईची छपाई करून घ्या आणि आम्लविरहित दुहेरी टेपनं बसवा. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे काच आणि फोटो यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. काच थेट फोटोला टेकली की पावसाळ्यात दमटपणानं फोटो काचेला चिकटतो, मग तो सुटत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा म्हणजे भिंतीशी हवा खेळेल. पावसाची झड बसते त्या भिंतीवर आणि दुपारचं ऊन येतं तिथे लावू नका.

मूळ ११ फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घालून कपाटात ठेवा, माळ्यावर नाही. फोटोतल्या माणसांची नावं पाकिटावर आधी लिहा आणि फोटो मग आत घाला. फोटोच्या पाठीवर लिहायचंच तर मऊ पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं, बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. तीच नावं एका कागदावर वडिलांकडून लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीला लावा.

नकाशाचं काम येत्या रविवारीच करून घ्या. स्कॅनिंग, छपाई, फ्रेम नोव्हेंबरातही होईल.